फ्लाउट म्हंजे काय हो, मॅडम?

मायाक्का सरगरला होटगी रस्त्यावरच्या त्या शाळेत लागून आठ महिने झाले होते, तरी सकाळी फाटकातून आत शिरताना तिला भीती वाटायचीच. मुलांची भीती नव्हती. ती तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होती, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाला कुणी काढून टाकत नाही, नुसतं पुढच्या वर्षी बोलावत नाही. तिच्याआधीच्या बाईंना असंच बोलावलं नव्हतं. का, ते कुणी सांगत नव्हतं आणि मायाक्काही विचारत नव्हती.

सांगोल्याकडच्या एका वाडीत तिचे वडील मेंढरं राखत. घरात शिकलेली ती पहिलीच. भवानी पेठेत तिनं एक खोली भाड्यानं घेतली होती. तिथून दोन रिक्षा बदलून ती शाळेत यायची, मान खाली घालून शिकवायची आणि मान खाली घालून परत जायची.

मार्चचा पहिला आठवडा होता. आठवीच्या धड्यात ‘फ्लाउट’ हा शब्द आला. मायाक्कानं तो फळ्यावर लिहिला आणि त्याच्या शेजारी ‘फ्लाँट’ लिहिला, कारण मोठी माणसंसुद्धा या दोन शब्दांत गल्लत करतात हे तिला माहीत होतं.

“फ्लाँट म्हणजे मिरवणं,” ती म्हणाली. “लग्नात कुणी गळाभर सोनं घालून मांडवभर फिरतं, ते. आणि फ्लाउट म्हणजे नियम मोडणं.”

“मग ब्रेक म्हणजे?” मागून प्रश्न आला.

“ब्रेक म्हणजेही मोडणंच. पण बघा, घाईत निघालात, हेल्मेट घरी राहिलं, तर नियम मोडला. आणि हेल्मेट हँडलला अडकवलंय, समोर पोलीस उभा आहे, त्याच्याकडे बघून हसत गाडी पुढे काढली, तर तो फ्लाउट. माहीत असून, सगळ्यांदेखत, कुणाची पर्वा न करता. आपण म्हणतो की नाही, नियम धाब्यावर बसवला?”

“मॅडम,” एक पोरगा उठून म्हणाला, “आमच्या काकानं बिनहेल्मेटची गाडी पोलिसासमोरनं नेली की फ्लाउट, आणि तीच नवी गाडी गल्लीतनं तीनदा फिरवली की फ्लाँट!”

वर्ग हसला, मायाक्काही हसली. तास इतका रंगला की जाता जाता तिनं घरचा अभ्यास दिला: फ्लाउट वापरून एक वाक्य. गाइडातलं चालणार नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शिक्षकांच्या खोलीत, ती वह्या तपासत बसली. कुणाचा शेजारी रस्त्यावर पाइप लावून गाडी धूत होता, कुणाचा भाऊ रिझर्व्हेशनशिवाय गाडीत बसत होता. एकीनं आपल्या आजीवर लिहिलं होतं, की तिला साखरेचा आजार आहे आणि ती डॉक्टरांचा नियम फ्लाउट करून सर्वांसमोर गुळाची शेंगापोळी खाते. मायाक्का हसत हसत टिक करत होती. मग काव्याची वही आली.

काव्या दुसऱ्या बाकावर बसणारी, अक्षर मोत्यासारखं, तोंडातून शब्द फुटायला वेळ लागणारी मुलगी. तिनं एक सोडून तीन वाक्यं लिहिली होती. मायाक्कानं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि तिच्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं.

बिभीषणमामा नियम फ्लाउट करतात, असं पहिलं वाक्य होतं. ते आमच्या सीटखाली स्वयंपाकाचा लाल सिलेंडर ठेवतात. आम्ही आत बसलेलो असतानाच ते पत्र्याच्या शेडमध्ये व्हॅनमध्ये गॅस भरतात.

व्याकरणाची एकही चूक नव्हती.

बिभीषण म्हणजे शाळेच्या पांढऱ्या व्हॅनचा मालक आणि चालकही. गॅसवर चालणाऱ्या, सात माणसांच्या त्या गाडीत तो चौदा मुलं बसवायचा. मायाक्कानं ती व्हॅन रोज फाटकाशी पाहिली होती. रोज तिच्या शेजारून ती गेली होती. आता तिच्या डोळ्यांपुढे आले ते त्या सीटवर दाटीवाटीनं बसलेले लहान लहान पाय, आणि त्यांच्याखाली तो लाल सिलेंडर. बाहेर ऊन असं तापलेलं, की फाटकाचं लोखंड हाताला चटका देत होतं.

तिनं काव्याला व्हरांड्यात बोलावलं.

“हे तू स्वतः पाहिलंस?”

काव्यानं मान हलवली. मग एकदम तिचे डोळे भरले. “तुम्ही म्हणालात ना, स्वतः पाहिलेलंच लिहा. मॅडम, माझं नाव सांगू नका. मामा म्हणालेत, घरी सांगितलं तर व्हॅन बंद, मग उन्हातनं चालत जावा.”

“कधीपासून चाललंय हे?”

“मी सहावीत व्हॅननं यायला लागले तेव्हापासनं.”

मायाक्काच्या मनात आलं, वही मिटावी. टिक करावी आणि मिटावी. हे तिच्या मनात अगदी खरोखर आलं, आणि नंतर कितीतरी दिवस त्याची तिला लाज वाटत राहिली. पण वही घेऊन ती मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाली तेव्हासुद्धा धीर आला म्हणून निघाली नव्हती. वही स्वतःजवळ ठेवायची भीती जास्त वाटली, म्हणून निघाली.

मुख्याध्यापक बिराजदार सर निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी वाक्यं वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हा शब्द कुणी शिकवला?”

“धड्यातच आहे, सर.”

“शब्द शिकवा हो. पण पोरांना असं आजूबाजूचं लिहायला कशाला सांगायचं? आंब्यावर लिहू द्या, झाडावर लिहू द्या.”

“सर, चौदा मुलं बसतात त्या गाडीत.”

“मला कळतं की, मॅडम. मलाही नातवंडं आहेत.” त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “बिभीषण संस्थेच्या सचिवांचा मेहुणा. तुमची ऑर्डर एप्रिलपर्यंतच, हो ना? मी बघतो. तोंडी सांगतो त्यांना. वही राहू दे इथं.”

“सर, मुलीचं नाव…”

“नाव कशाला सांगतोय मी?”

वही त्यांच्या टेबलावर राहिली. वहीवर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि चिठ्ठीवर मोत्यासारख्या अक्षरात नाव. मायाक्काला ते खोलीबाहेर आल्यावर आठवलं. तरी ती परत आत गेली नाही.

बुधवार गेला. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता शाळा सुटली, आणि ती फाटकाबाहेर पडली तर बिभीषण व्हॅनला टेकून उभा होता. पन्नाशीकडे झुकलेला, जाडजूड, कपाळाला अबीर लावलेला माणूस. एरवी तो तिला नमस्कारसुद्धा करायचा नाही.

“मॅडम, येक विचारू का? तुमी इंग्रजीच्या न्हवं?”

“हो.”

“फ्लाउट म्हंजे काय हो, मॅडम?”

व्हॅनच्या काचेआड काव्या बसली होती. ती मायाक्काकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या मांडीवरच्या दप्तराकडे बघत होती, आणि तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

“नियम… नियम मोडणं,” मायाक्का कशीबशी बोलली.

“त्ये म्या फोनात बगितलं. पर पोरं म्हनत्यात, मॅडमनी आनकी काय काय सांगितलंय. सांगा की. आमाला बी कळू द्या.”

खोटं बोलावं तर आत काव्या ऐकत होती, आणि तिलाच मायाक्कानं वर्गात खरा अर्थ सांगितला होता.

“माहीत असून मोडणं,” ती म्हणाली. “सगळ्यांदेखत. कुणाला न भिता.”

बिभीषण मोठ्यानं हसला. मांडीवर हात मारून हसला.

“मंग पोरीनं बरोबर लिव्हलंय की! आमी कुनाला भितो? लई हुशार पोरगी.” त्यानं काचेतून काव्याकडे पाहिलं. “चला, बसा मॅडम. भवानी पेठंतच जायचंय न्हवं तुमाला? सोडतो. वाटंत दावतो बी, पोरीनं काय लिव्हलंय त्ये. डोळ्यांनी बगितलेलं बरं असतंय, न्हाई का?”

ती नको म्हणणार होती. नको म्हणायला तोंडही उघडलं होतं. पण ती गेली नसती तर हा माणूस वाटेत काव्याला काय बोलला असता, हे तिला कधीच कळलं नसतं. मायाक्का मागच्या दारानं आत चढली. काव्यानं सरकून तिला जागा दिली आणि तिची ओढणी मुठीत धरली.

दार सरकवून लावलं गेलं. आत घामाचा, वॉटरबॅगच्या प्लॅस्टिकचा आणि त्याखाली आणखी एक वास होता. तिला तो माहीत होता. तिनं टाच हळूच मागे सरकवली तर ती पोत्याला लागली, आणि पोत्याआड काहीतरी टणक होतं. तिनं पाय चटकन पुढे घेतला.

“तुम्ही आमच्या घरी येताय?” समोरच्या सीटवरून, उलटी वळून, एक बारकी मुलगी विचारत होती. दोन वेण्या, तिसरीतली असेल.

“ही सोनाली,” काव्या पुटपुटली. “मामांची मुलगी.”

मायाक्काला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं त्या मुलीच्या कपाळाकडे पाहिलं, मग आरशातल्या बिभीषणच्या कपाळाकडे. तसंच कपाळ, तसाच अबीर. स्वतःची लेकही तो रोज याच गाडीत बसवत होता. म्हणजे त्याला खरंच भीती वाटत नव्हती. मायाक्काला त्याचीच जास्त धडकी भरली. भिणाऱ्या माणसाला काहीतरी सांगता येतं.

व्हॅन मुख्य रस्ता सोडून एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागं वळली. काटेरी बाभळी, मोडकी भिंत, आणि पुढून उघडं असलेलं पत्र्याचं शेड. आत चार-पाच लाल सिलेंडर. एक उलटा करून लोखंडी चौकटीत बसवलेला. शेजारी गॅस ओढायची छोटी मोटार, आणि तिच्या वायरीला दोन ठिकाणी नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली.

गाडी थांबली. बिभीषण उतरला. कुणी काही सांगितलं नाही, पण गाडीतल्या प्रत्येक मुलानं खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. अगदी पहिलीतल्या पोरांनीसुद्धा. वर्गात प्रार्थनेला हात जोडावेत तसे, एकाच वेळी.

“मॅडम, रुमाल धरा,” सोनाली रुमालाआडून म्हणाली. “न्हाईतर उलटी होती.”

मोटार घरघरू लागली.

बिभीषण बाहेर नळी जोडून उभा होता आणि तिच्याकडे बघून हसत होता. फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलेले तिचे ते दोन्ही शब्द तो एकदमच करून दाखवत होता. ती दाराशी झोंबली. आतली मूठ तुटलेली होती.

“दार उघडा!”

“दोन मिन्टं, मॅडम. रोजचंच हाय. चार वर्सं झाली, काय झालंय काय?”

पुढं काय करायचं हे तिनं ठरवलं नाही. ती पुढच्या दोन सीटच्या मधून, ओढणी अडकली ती तशीच फाडत, चालकाच्या जागेवर गेली आणि त्याच्या दारातून बाहेर पडली. गुडघा कशावर तरी आपटला. फिरून येऊन तिनं मागचं दार ओढलं. एकदा सरकलं नाही, दुसऱ्यांदा सरकलं.

“उतरा. दप्तरं राहू द्या. काव्या, बारक्यांना घे. दोन-दोन, हात धरून.”

“ये, ये! बसवा परत त्यास्नी!” बिभीषण ओरडला.

ती एकेका मुलाला काखेत हात घालून खाली उतरवत राहिली. सात, आठ, नऊ. घाईत एका मुलाचा चष्मा पडला. बिभीषण तिच्याकडे धावून यायला निघाला, आणि निघता निघता त्यानं रागानं गाडीची नळी हिसकून काढली.

मोटार चालूच होती.

फस्स करून आवाज झाला. नळीच्या तोंडातून पांढराफटक लोट सुटला आणि बिभीषणच्या उजव्या हातावरून गेला. तो किंचाळला. नळी जमिनीवर सापासारखी वळवळायला लागली आणि तो वास, आतापर्यंत रुमालाआड राहणारा, सगळीकडे पसरला, जड, जमिनीला धरून.

“रस्त्याकडं पळा!” मायाक्काचा आवाज आला तो असा, की तिला स्वतःलाच ओळखू येईना. “काव्या, थांबू नको, पळ!”

आत उरलेली मुलंही उड्या टाकून उतरली आणि सगळी पळाली. बिभीषण थंडगार गॅसनं भाजलेला हात छातीशी धरून भिंतीवरच्या बटणाकडे निघाला होता. मायाक्काला दिसला फक्त तो डावा हात, बटणाच्या दिशेनं जाणारा. वाडीवर पहिल्यांदा गॅस आला तेव्हा शेगडी जोडायला आलेल्या माणसानं तिच्या आईला दहादा बजावलं होतं: वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, ठिणगी उडते.

“बटण नको! बटणाला हात लावू नका! आधी सिलेंडरचा कॉक फिरवा!”

तो थांबला. बटणापासून वीतभर अंतरावर त्याचं बोट थांबलं. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं, आणि आता त्या चेहऱ्यावर हसू नव्हतं की गुर्मी नव्हती. मग त्याची नजर तिच्या मागं, रस्त्याकडे गेली.

“सोने!” तो ओरडला. “सोने कुटं हाय?”

“पळाली! मुलांबरोबर आहे! कॉक फिरवा!”

तो गुडघ्यावर बसला. डाव्या हातानं त्यानं उलट्या सिलेंडरच्या तोंडाचा कॉक फिरवायला सुरुवात केली. तो फिरेना. मायाक्काला पळून जाता आलं असतं. पण ती नुसती त्या चिकटपट्टी लावलेल्या वायरीकडे बघत राहिली. मोटार घरघरत होती. केव्हातरी कॉक वळला. लोट आखूड झाला, नळी जमिनीवर पडून राहिली. शेड पुढून उघडं होतं आणि तापलेला वारा वाहत होता, एवढ्याच कारणानं त्या दिवशी कुणी मेलं नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

मुलं मोठ्या रस्त्यावर एका औषधाच्या दुकानापाशी घोळक्यानं उभी होती. मायाक्कानं तिथं पोहोचल्यावर मुलं मोजली, पुन्हा मोजली. चौदा. मग ती पायरीवर बसली आणि तिला उलटी झाली. सोनालीनं स्वतःचा रुमाल पुढं केला.

दुकानदाराच्या फोनवरून तिनं पालकांना बोलावलं. आधी आले ते सगळे चिडूनच आले. एक बाप म्हणाला, तुम्हाला कुणी अधिकार दिला पोरं रस्त्यात उतरवायचा? दुसरा म्हणाला, उद्यापासून सोडणार कोण, तुम्ही? मायाक्का पुढच्या पालकांचा नंबर लावत राहिली.

काव्याची आई सिद्धम्मा सगळ्यांत शेवटी आली. कडक भाकरी करून विकणारी, हाताला पीठ तसंच असलेली. तिनं काव्याला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर नाक ठेवलं आणि तशीच राहिली.

“अय्यो,” ती हळूच म्हणाली. “हाच वास की. हिच्या केसाला रोज हाच वास. मला वाटायचं, माझ्याच शेगडीचा. दोनदा नळी बदलून घेतली की मी!”

बाकीच्या पालकांतल्या एकानं आपल्या मुलाचा शर्ट नाकाला लावून पाहिला.

रात्री बिराजदार सरांचा फोन आला. मुलांना चक्कर आली म्हणून उतरवलं, एवढंच लिहून द्या, ते म्हणाले. पुढच्या वर्षीचं मी बघतो. मायाक्का ‘उद्या सांगते’ म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं खोलीची कडी लावली, खिडकी लावली, आणि उकाड्यात घामानं निथळत बसली. जिन्यावर पाऊल वाजलं की ती उठून कडी पुन्हा तपासायची. वडिलांना फोन करावा वाटला. पण वडील म्हणाले असते, ये निघून, आणि ती निघून गेली असती.

सकाळी ती पोलीस चौकीपर्यंत गेली आणि परत फिरली. चहाच्या गाड्यापाशी थांबून पुन्हा गेली आणि पुन्हा फिरली. मग ती सिद्धम्माच्या घरी गेली. सिद्धम्मानं तिच्याकडे एकदा पाहिलं, तव्यावरची भाकरी उतरवली, पदराला हात पुसले.

“मी पण भितेच,” ती म्हणाली. “चला.”

जबाब लिहून घेताना हवालदारानं विचारलं, “चालकानं निष्काळजीपणा केला, असं लिहू?”

मायाक्का म्हणाली, “निष्काळजी नाही. त्याला माहीत होतं. माहीत असून, सगळ्यांदेखत केलं, असं लिहा.”

“म्हणजे नियम धाब्यावर बसवून.”

“हो. तसंच लिहा.”

खाली तिनं सही केली, तिच्याखाली सिद्धम्मानं. दुपारपर्यंत आणखी पाच पालक येऊन सही करून गेले. त्यात काल अधिकार विचारणारा बापही होता.

शेडला सील लागलं, व्हॅन जप्त झाली. बिभीषण आठ दिवसांनी जामिनावर सुटला. सचिवांनी पालकांची सभा घेतली, दिलगिरी व्यक्त केली, आणि संस्थेला यातलं काहीच माहीत नव्हतं असं सांगितलं. बिराजदार सर खुर्चीवर मान खाली घालून बसले होते. काव्याची वही त्यांनी परत दिली ती कोऱ्या पाकिटात घालून. एप्रिलअखेर मायाक्काची ऑर्डर संपली आणि पुढची आली नाही. तिला ते अपेक्षितच होतं, तरी त्या दिवशी ती जिन्यात बसून रडली. मग पेठेतल्याच एका शिकवणीच्या वर्गात तिला काम मिळालं.

मे महिन्यात, एका रविवारी सकाळी, तिच्या दारावर थाप पडली. बिभीषण होता. तिनं दार बोटभर उघडलं आणि पाय आतून दाराला लावून ठेवला.

“तक्रार मी मागं घेणार नाही,” ती एका दमात म्हणाली.

“म्या कुटं म्हनलं?” त्याच्या उजव्या हातावर गुलाबी, चकचकीत कातडी आली होती. तो दारापासून दोन पायऱ्या खालीच उभा राहिला. “सोनी… घरात गॅस पेटवला की पोरगी भाईर पळती. उनातान्हात रस्त्यावर जाऊन हुबी ऱ्हाती. आई सैपाक करंपत्तोर आत येत न्हाई. जेवती बी न्हाई धड. मारून बगितलं. डॉक्टर झाला. रोज तुमचं नाव घेती, म्हनून आलो.”

मायाक्काला तो माणूस नको होता.

“मारू नका तिला,” ती म्हणाली. “मी येईन. तुम्ही घरात असू नका.”

त्यानं मान डोलवली आणि गेला.

ती दुपारी गेली. सोनाली ओट्यावर बसली होती. तिला पाहताच ती उठली, पण धावत आली नाही. आतून तिच्या आईनं काडी ओढल्याचा आवाज आला तशी पोरगी धावत अंगणापलीकडे, लिंबाच्या बुंध्यापर्यंत गेली. मायाक्काच्याही पायांनी तेच केलं. तिलाही हसू आलं नाही, पोरीलाही नाही.

“तुम्हाला पण?” सोनालीनं विचारलं.

“मला पण,” मायाक्का म्हणाली. “मी हल्ली चहा खालच्या गाड्यावरच पिते.”

सोनालीनं यावर विचार केला. मग तिनं मायाक्काचा हात धरला. लिंबाखालून आतली शेगडी दिसत होती, निळी ज्योत, तिच्यावर चहाचं पातेलं, आणि पाठमोरी तिची आई. दोघी तिकडे बघत उभ्या राहिल्या. चहा उकळून खाली उतरेपर्यंत त्या दारापासून चार पावलांवर येऊन पोहोचल्या होत्या.